स्वहस्ते लिहिणाऱ्या बायकांची वही

इंदूरमधल्या मराठी घरांचे माझ्या मते दोनच प्रकार पडतात: ज्यांच्या माळ्यावर बाई चढून आल्या आहेत ती घरं, आणि ज्यांच्या माळ्यावर त्या अजून चढायच्या आहेत ती. ऐंशी ओलांडलेल्या, जेमतेम पाच फूट उंचीच्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचून हिंडणाऱ्या या बाईंचं नाव घेण्याची शहरात सहसा गरज पडत नाही. त्या माझ्या आईला कॉलेजात इतिहास शिकवायच्या, म्हणून आमच्या घरी त्या 'बाई'. परदेशीपुऱ्यात त्या राहतात त्या गल्लीत दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या 'मॅडमजी', आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या 'माँजी'. मी रसायनशास्त्राची, कोणत्याही गोष्टीचं वर्गीकरण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाई मात्र आजतागायत माझ्या एकाही रकान्यात बसलेल्या नाहीत.

कुणाच्याही घरी गेल्यावर बाई पाणी मागत नाहीत, पेटी मागतात. "पेटी कुठंय तुमची?" हाच त्यांचा नमस्कार. पेटी म्हणजे जुन्या कागदांची. ती प्रत्येक घरात असतेच, फक्त घरातल्यांना ते ठाऊक नसतं, अशी त्यांची पक्की धारणा आहे, आणि दुर्दैवाने ती बहुतेक वेळा खरी ठरते. आई सांगते की एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, पंगत बसली तरी बाईंचा पत्ता नव्हता. शोधाशोध केल्यावर त्या नवरीच्या आजोळच्या पोटमाळ्यावर सापडल्या. केसांत जाळी, हातात पितळी डबा, आणि चेहऱ्यावर नवरीच्याही चेहऱ्यावर नव्हतं एवढं तेज. आणखी एका घरी तीन पिढ्या एका लाल रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला, देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं जात होतं. गुरूंची पोथी आहे असा सर्वांचा समज. आत सगळं मोडीत, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या त्या वळणदार, हात न उचलता लिहायच्या लिपीत. ती घरात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे श्रद्धेला अडथळा नव्हता. बाईंनी रुमाल सोडून वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की त्या घराच्या खापरपणजोबांनी शेजाऱ्याच्या बकरीविरुद्ध दरबाराकडे केलेल्या त्या तक्रारी होत्या, एकूण अकरा. यजमान ओशाळले. बाई म्हणाल्या, "अहो, वाईट कशाला वाटून घेता? पूजा चालू ठेवा. तुम्ही देव समजलात म्हणून कागद टिकले. कागद समजला असतात तर कधीच चुलीत गेले असते."

यजमानांना हे सगळं मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं, कारण बाईंचा एक नियम आहे. सापडलेला कागद त्या घराबाहेर नेत नाहीत. तिथेच सतरंजीवर बसून पेन्सिलीने नक्कल करतात, आणि नक्कल करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बोलावून तो मोठ्याने वाचून दाखवतात. "पत्र ह्यांच्या घरी आलेलं आहे. पहिला हक्क ह्यांचा. इतिहासाचा नंबर नंतर," असं त्या म्हणतात. मी एकदा सुचवलं, की मोबाईलवर फोटो काढून घेतले तर दहा मिनिटांत काम होईल. बाई म्हणाल्या, "हो ना. पंगतीचा फोटो काढून घ्यायचा आणि न जेवता घरी जायचं."

रस्त्यात पडलेला कागदही दोन्ही बाजू वाचल्याशिवाय त्या पुढे जाऊ देत नाहीत. कचोरी विकत घेतली की कचोरी माझ्या हातात आणि तिचा कागद त्यांच्या हातात. रद्दीवाल्याने तर त्यांच्यासाठी एक स्टूलच राखून ठेवलं आहे. नवा माल आला की तो गल्लीत ओरडतो, "माँजी, पहले आप देख लो, फिर मैं तौलूँगा!" एकदा चौकात सिग्नल तोडला म्हणून वाहतूक हवालदाराने आमची स्कूटर अडवली. बाईंनी मागच्या सीटवरून त्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "अरे भिया, तुम्हारे गाँव के पटेल ने तो बाढ़ में पूरा दफ्तर सिर पे उठा के बचाया था. तुम एक स्कूटर नहीं छोड़ सकते?" त्या पटेलाचा आणि हवालदाराचा काही संबंध होता की नाही, देव जाणे. पण तो ताठ उभा राहिला आणि त्याने आम्हाला सलाम ठोकून सोडलं. चलान मात्र दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याने घरपोच केलं, कारण कॅमेऱ्याला गाव नसतं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या तरुणपणात आहे. इंदूर संस्थान विलीन झालं, त्याचे कागद एका सरकारी इमारतीच्या मागच्या खोल्यांत कोंबले गेले आणि पावसाळ्यागणिक तळाचे थर लगदा होऊ लागले. त्या काळी बाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी एम. ए. करून तिथे पोचल्या. दप्तर सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "बायकांचं इथं काय काम? धूळ आहे नुसती." बाईंनी विचारलं, "धूळ झाडायची परवानगी आहे का?" ती होती. त्यामुळे पुढची तीन वर्षं त्या तिघी रोज येत, येण्याच्या नोंदवहीत कारण म्हणून 'साफसफाई' असं लिहीत, आणि झाडता झाडता वाचत. एक वाचे, दुसरी लिहून घेई, तिसरी लिहिलेलं परत वाचून ताडून पाही. दप्तरातल्या कागदांच्या ज्या यादीच्या आधारावर आज विद्वान मंडळी या राज्याचा इतिहास लिहितात, ती यादी त्या साफसफाईतून निघाली. मैत्रिणींपैकी एक पंधरा वर्षांपूर्वी गेली, दुसरी करोनात. बाई कधी कधी वाचता वाचता एखादं वाक्य संपवून थांबतात आणि डावीकडे वळून पाहतात. लिहून घेणारी तिथे बसायची.

त्या रिकाम्या जागी माझी नेमणूक झाली, ती माझ्या इच्छेविरुद्ध. मी एम. एस्सी. करून भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होते आणि संशोधनाच्या जागांसाठी देशभर अर्ज धाडत होते. आईने त्यांना डबा पोचवायला म्हणून पाठवलं, आणि बाईंनी डबा न उघडता माझ्या हातात कागद दिला. तेव्हाच त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. नजरेच्या मध्यभागी काळा डाग, कडेकडेने मात्र दिसायचं. समोरच्याचा चेहरा पाहायचा तर त्या त्याच्या कानाकडे बघत. नवखा माणूस मागे वळून पाही, कोण आलंय म्हणून. "माझे डोळे रिटायर झालेत," त्या म्हणाल्या, "तुझे बेकार फिरतायत. बस इथं, सायंटिस्ट." मी आठवड्यातून दोन संध्याकाळी जाऊ लागले. आठ महिन्यांत मला मोडी अडखळत का होईना वाचता येऊ लागली. बाईंचा उजेड तेवढ्याच काळात आणखी आक्रसला.

मला घाईने शिकवण्याचं कारण एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, वर 'स्वहस्ते' असं लिहिलेली. राज्याचा इतिहास पुरुषांनी लिहिलेल्या कागदांवर उभा आहे. बायकांची पत्रं बहुधा कारकुनाने लिहून दिलेली. ज्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, अशा प्रत्येकीची नोंद बाई पन्नास वर्षं त्या वहीत करत होत्या. राण्या, सरदारांच्या सुना, एक दाई, एक देवळातली झाडूवाली. अट फार कडक. एका हाताचे दोन नमुने सापडल्याशिवाय आणि नाव कळल्याशिवाय कुणालाही प्रवेश नाही. "एक कागद म्हणजे योगायोग. दोन कागद म्हणजे बाई," असं त्यांचं गणित. डोळे पूर्ण जाण्याआधी त्यांना वही पुरी करायची होती, आणि ती पुरी झाली असं त्यांना कोणत्याही दिवशी वाटत नव्हतं.

एक दिवस त्या आमच्या घरी आल्या आणि दारातच विचारलं, "पेटी कुठंय?"

आई हसली. "बाई, आमच्याकडे कुठले कागद? आमचं घराणं महूच्या पलटणीतलं. दरबारात आमच्यातलं कुणी नव्हतं. दारातसुद्धा उभं करत नव्हते."

"म्हणूनच विचारतेय," बाई आईच्या कानाकडे पाहत म्हणाल्या. "दरबाराचे कागद दरबाराने सांभाळले. तुमचे कुणी सांभाळले?"

आई म्हणाली, "ह्यांच्या आजोबांची एक ट्रंक आहे. त्यांची पदकं आहेत त्यात, वर्षातून एकदा काढून पुसतो. खाली गठ्ठा आहे एक, पण तो पेन्शनचा वगैरे असेल, आम्ही कधी सोडला नाही."

"रविवारी येते," बाई म्हणाल्या. पाणीही प्यायल्या नाहीत.

आता मी माझी चूक लिहिते. शनिवारी मला वाटलं, बाईंचा वेळ थोडा, डोळे त्याहून थोडे, तर आपण तयारी करून ठेवावी. पणजोबांची ट्रंक उघडून मी गठ्ठा सोडला आणि सगळ्या घड्या उलगडून कागद एकत्र पसरले. आधी कागद तारखांप्रमाणे लावले, बिनतारखेचे आकाराप्रमाणे, आणि कशातच न बसणारे 'इतर' म्हणून एका फोल्डरमध्ये घातले. मग एकेकाला क्रमांक देऊन फोटो काढले. काम इतकं नीटनेटकं झालं होतं, की मी त्याचाही एक फोटो काढला.

बाई आल्या. प्लास्टिकच्या फोल्डरांवरून त्यांनी बोटं फिरवली. "हे काय?"

"सॉर्ट केलं, बाई. एकदम क्रॉनॉलॉजिकल."

"गठ्ठ्यात वरून तिसरा कागद कुठला होता?"

मी फोल्डर चाळले. त्यातले क्रमांक माझेच होते.

"आणि त्याच्या खालचा?"

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तुझ्या पणजोबांनी आयुष्यभर विचार करून एक कागद दुसऱ्याच्या शेजारी ठेवला होता. कशाजवळ काय ठेवावं, हे त्यांचं बोलणं होतं. ते बोलत होते आणि तू मध्येच बोललीस."

आई चहा घेऊन आली होती ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, ही लहानपणी डाळी-तांदूळसुद्धा सॉर्ट करायची. माझीच चूक, तेव्हा कौतुक केलं."

आम्ही तरीही वाचायला बसलो. बहुतेक कागद पलटणीचे होते: रजेचे अर्ज, बदल्या, एका मित्राच्या मृत्यूची खबर. मग एक पत्र आलं, ना तारीख, ना नाव. मी अक्षर अक्षर लावत वाचू लागले. "तीर्थरूप बाबांचे सेवेशी. मी खुशाल आहे. आपण शिकविले ते विसरले नाही. येथे मला लिहिता येते हे कोणास ठाऊक नाही, ठाऊक होऊ नये. सांवेरच्या बाजारास जाणाऱ्या माणसाचे हाती हे देते. उत्तर पाठवाल तर थोडके लिहा, म्हणजे लपविता येईल. आपली लेक."

आई खाली सतरंजीवर येऊन बसली आणि म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई म्हणजे माझी आजी, चौथी पास, असं आम्ही अभिमानाने सांगत आलो होतो. ही तर आजीच्याही आधीची, पणजोबांची मुलगी. तिच्याविषयी घरात कुणालाच काही माहीत नव्हतं, नावसुद्धा नाही.

"कारकुनाचा हात आहे का बघ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "ओळी कशा आहेत?"

"सरळ सुरू होतात आणि शेवटी वर चढतात."

"स्वहस्ते," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी वहीवर हात ठेवला. "पण नाव नाही. आणि कागद एकच. नाही जाता येणार हिला आत."

मी 'इतर'चं फोल्डर उपसलं. त्यात लहान मुलाच्या हाताचा कित्ता होता, म्हणजे अक्षर गिरवायचा कागद. वर मोठ्या माणसाच्या हातची ओळ, खाली तीच ओळ सहा वेळा, डगमगत, आणि तळाशी नाव: तुळसा. ओळी शेवटी वर चढत होत्या. मी जवळजवळ ओरडलेच. बाईंनी मान हलवली. "पलटणीच्या शाळेत पन्नास पोरं. कित्ता कुणाच्याही लेकीचा असू शकतो, सगळ्याच पोरांच्या ओळी वर चढतात. हा ह्या पत्राशेजारी होता, एवढं तू सांगू शकली असतीस तर..." त्या आठवड्यातच बंगळूरहून संशोधनाची जागा मिळाल्याचं पत्र आलं. महिन्याभरात निघायचं होतं. ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं धडपडले ती हाती आली आणि मला ती धड वाचावीशीही वाटेना.

उपाय किड्यांनी सुचवला. कागद परत ट्रंकेत ठेवताना माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकाला बारीक भोकं आहेत. कागद खाणारी कसर गठ्ठ्यातून आरपार बोगदा काढत जाते. तिला तारखांशी कर्तव्य नसतं. म्हणजे शेजारच्या दोन कागदांवर भोक जवळजवळ त्याच जागी, त्याच आकाराचं असणार, आणि चौपदरी घडी घातलेल्या कागदात एकाच बोगद्याची चार भोकं पडणार. मी क्लासमधून रजा घेतली, पारदर्शक कागदावर प्रत्येक पानाची भोकं उतरवली आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून जुळवत बसले. आई येता-जाता म्हणे, "एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर डॉक्टर झाली असतीस." दहाव्या दिवशी पणजोबांचा गठ्ठा, दोन-तीन शंका सोडल्या तर, होता तसा लागला. आणि कित्ता पत्राशेजारी नव्हता. तो पत्राच्या घडीच्या आत होता. आठ भोकं, एकाच किड्याची, दोन्ही कागदांतून सलग गेलेली. सासरहून आलेल्या पत्रात बापाने लेकीचा लहानपणीचा कित्ता ठेवला होता आणि घडी मिटवली होती.

बाईंचं बोट धरून मी ते एकेका भोकावर फिरवलं. आठव्या भोकाशी त्या हसू लागल्या, इतक्या की ठसका लागला. "पन्नास वर्षं मी ह्या किड्यांना शिव्या घातल्या गं! आणि हे मेले पानांवर नंबर घालत होते." मग डोळे पुसून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "लिही."

मी देवनागरीत 'तुळसा' लिहू लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "मोडीत लिही. तिला वाचता आलं पाहिजे."

मी मोडीत लिहिलं. आईने ते अक्षर न कळताही वाकून पाहिलं आणि पदराने वहीवरची नसलेली धूळ पुसली.

आता मी बंगळूरला असते. प्रयोगशाळा उत्तम आहे, काम मनासारखं आहे, आणि रविवारी अकराच्या सुमाराला मी दुसरं काहीही करत नाही. त्या वेळी बाई ई-रिक्षाने आमच्या घरी येतात. आता त्यांना काहीच दिसत नाही. आई ट्रंक उघडून मूळ कागद त्यांच्या हातात देते, फोन मधे ठेवते, आणि मी इथून फोटोवरून वाचते. फोनवर मला त्या कागदाचा आवाज येतो. माझ्या हातात तो नसतो.

गेल्या रविवारी बाईंनी तुळसाचं पत्र पुन्हा मागितलं. मी वाचलं. मग बाई म्हणाल्या, "ऐक. उत्तर तुझ्या पणजोबांच्या पेटीत मिळायचं नाही. उत्तर जिला गेलं तिच्याकडे असतं. तिनं ते लपवलंय, म्हणजे नीट ठेवलंय. सांवेरकडे जाऊन पाहायला हवं. तू कधी येतेस?"

मागून आई म्हणाली, "बाई, ह्या वयात बसने?"

"बसनेच. मला खिडकी नको आता, कुठलीही सीट चालेल."

"दिवाळीत येते, बाई," मी म्हटलं.

"बरं. तोवर ऊनही उतरेल," त्या म्हणाल्या, आणि सांवेरहून पुढे कुठल्या गावाला कुठली बस जाते, हे आईला विचारू लागल्या. तुळसाच्या गावाचं नाव त्या पत्रात कुठेच नाही, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.